बिनशिक्क्याची रायफल

सिग्नी टॉफ्टची सकाळची पहिली कॉफी संपेपर्यंत तिच्या दुकानात कुणी तोंड उघडायचं नाही, हे आमच्या कॉटनवुड फ्लॅटमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुकान म्हणजे तरी काय, घराला चिकटलेलं गॅरेज. आत एक लेथ, एक भट्टी, भिंतीवर दस्त्यांसाठी वाळत घातलेली अक्रोडाची फळकुटं आणि दारात तिचा नवरा आर्लन. आर्लनचं काम गिऱ्हाईक थोपवायचं. "थांब रे बाबा, अजून अर्धा कप बाकी आहे," असं तो हळूच सांगायचा, आणि येणारा निमूट पिकअपमध्ये जाऊन बसायचा. बोझमनहून आलेले दाताचे डॉक्टरसुद्धा बसायचे.

बाई तोंडाची फटकळ, पण हाताची अशी की बोलायची सोय नाही. मॉन्टानाच्या उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात वाढली. बापाचं कापणीयंत्र ऐन सुगीत मोडलं की हीच पोरगी खाली सरपटत जाऊन सांधा मारायची. पुढे रेल्वेच्या कारखान्यात लेथवर लागली, कारखाना बंद पडला, आणि म्हाताऱ्या अँसेल रूडनं तिला आपल्या हाताखाली घेतलं. अँसेल म्हणजे या भागातला नावाजलेला रायफल बनवणारा. मरायच्या आधी त्यानं तिला आपला हंसाचा शिक्का दिला. करंगळीएवढा पोलादी ठोकळा, टोकाला उडता हंस कोरलेला. "ज्या रायफलीला आपल्या माणसानं गाल टेकला तर तुझ्या पोटात गोळा येणार नाही, तिच्यावरच हा मार," एवढं सांगून तो गेला. सिग्नीनं ते वचन डोक्यावर घेतलं. इतकं डोक्यावर घेतलं की पुढं त्याचंच तिला ओझं झालं.

लोकांना वाटतं रायफलीची सगळी करामत नळीत असते. तसं नाही. नळी जिच्या तोंडात पिळून बसवतात आणि जिच्या पोटात बोल्ट सरकून काडतुसाला मागून कोंडतो, ती पोलादी बैठक खरी. तिला म्हणायचं ॲक्शन. ती एका केसानं वाकडी तर सगळंच वाकडं. सिग्नी फक्त एका कारखान्याची खास घडवलेली ॲक्शन वापरायची, आणि हंस मारायचा तर ती बसवलेल्या रायफलीवरच, हा तिचा हट्ट. त्या ॲक्शन इतक्या नेमक्या असत की एकीचा बोल्ट दुसरीत घाला, फरक कळायचा नाही.

आणि मग भाव चढायला लागले. पूर्वी हजार डॉलरच्या आत येणारी ॲक्शन हजारावर गेली, मग बाराशेवर. या वसंतात कारखान्याच्या माणसानं फोनवरून तिसऱ्यांदा वाढ सांगितली तेव्हा ती दीड हजार ओलांडून पुढे गेली होती. पोलाद महागलं, कारागीर मिळत नाहीत, तो बिचारा घडाघडा बोलत होता.

"अरे, नाकापेक्षा मोती जड झाला की!" सिग्नी फोनवर ओरडली. "आमच्या गावचा माणूस ॲक्शनला एवढे दिल्यावर नळी काय कर्ज काढून घेईल? आणि दस्ता काय झाडावरून तोडेल?"

"मी काय करू बाई, मी नुसता फोनवर बसतो," तो म्हणाला. हिनं फोन ठेवला आणि त्या दिवशी दुसरी कॉफी झाली तरी बोलली नाही.

डॉक्टर लोक येत राहिले, पण हळूहळू तेही तुरळक झाले. गावची माणसं तर वळलीच हायवेकडे. तिथे ट्रेंट बॉलिंगरचं खेळसामानाचं दुकान. ट्रेंट वाईट नाही हो, उगाच कशाला पाप लावून घ्या. पण त्याची जीभ सैल. यंत्रावर ढिगानं निघणाऱ्या नव्या स्वस्त ॲक्शन त्यानं आणल्या, निम्म्या भावाच्या. त्यांना तयार नळी मिळते. घरी न्यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पान्यानं आवळायची, झाली रायफल. बनवणाऱ्याची गरजच नाही. "सिग्नीकडे रांगेत वर्षभर बसायचं आणि वर बोलणी खायची, त्यापेक्षा माझ्याकडे या, मी गोड बोलतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. लोक हसायचे आणि घ्यायचे.

आर्लनच्या बहिणीनं बिलिंग्जमध्ये एका मोठ्या गोदामात सिग्नीसाठी नोकरी बघून ठेवली. बसून काम, वर दवाखान्याचा खर्च. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी झाली की मंगळवारी हो किंवा नाही कळवायचं होतं.

"जायचं का गं?" आर्लननं एकदा जेवताना विचारलं.

"खोकी मोजायला?"

"खोकी मोजणं काही पाप नाही."

"पाप नाही, पण मी नाही," सिग्नी म्हणाली. तरी तिनं नाही असं बिलिंग्जला कळवलं नाही. लेथचा हप्ता, विजेचं बिल, हे काय हट्टानं भरता येतं?

जूनमध्ये तिनं आपला जुना नियम मोडला. गहाणवट दुकानात दोन जुन्या रायफली पडून होत्या. साध्या, कारखान्यात लाखांनी निघालेल्या, नळ्या झिजून गेलेल्या, दस्ते फुटलेले. दोन्ही मिळून एका खास ॲक्शनच्या निम्म्या भावात आल्या. तिनं नळ्या काढून भंगारात टाकल्या आणि आतल्या ॲक्शन लेथवर चढवल्या. तोंड सरळ केलं, आटे सरळ केले, बोल्टाच्या टोकाचे अडकणीचे कान घासून घासून दोन्ही बाजूंनी सारखे टेकवले. मग प्रत्येक नव्या नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, त्या त्या बोल्टाच्या मापानं कोरलं. यंत्र जे क्षणात करतं ते तिनं सबंध उन्हाळा हातानं केलं.

"जुन्या पातेल्याला कल्हई चालू आहे," ट्रेंटनं पेट्रोल पंपावर फिरकी घेतली.

"कल्हई केलेल्या पातेल्यात जेवण तरी नीट शिजतं," सिग्नी म्हणाली. "तुझं बघ, चकाकतं नुसतं."

त्यातली एक रायफल टपाल वाटणाऱ्या व्हर्लिन हासची. व्हर्लिन कधी घाईत नसतो आणि कधी उशिराही येत नाही. त्यानं न बघताच पैसे दिले. दुसरी सिग्नीनं स्वतःला ठेवली. दोन्ही जुळ्या बहिणी, बोल्टाची मूठसुद्धा सारखी. आणि दोन्ही कोऱ्या. हंस तर नाहीच, बोल्टाशी जुळणारा एक अंकसुद्धा नाही.

"अगं, निदान नंबर तरी घाल," आर्लन म्हणाला होता.

"शिक्का मारायचा तर सगळा एकदम मारीन. आधी हजार यार्डांवर सिद्ध होऊ दे. तोवर माझ्या हातचा एक चरासुद्धा यांच्यावर उठणार नाही."

म्हणजे झालं काय, तर लेबर डेच्या शनिवारी आमच्या क्लबची जी हजार यार्डांची स्पर्धा असते, तिच्यावर सगळं येऊन ठेपलं. गावातली तिघं अडून बसली होती. त्यात शाळेच्या स्वयंपाकघरातली वनीटा प्रुइट. तिला ऑक्टोबरच्या शेवटी एल्क हरणाच्या शिकारीला नवी रायफल हवी होती, कारण तिच्या घरात हिवाळ्याचं मांस तीच आणते, नवरा नुसता खातो. वनीटा तोंडावरच म्हणाली, "सिग्नी, तुझी कल्हई टिकली तर मी तुझी. नाही टिकली तर मी ट्रेंटची. वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट कशाला वाटेल? टिकेल," सिग्नी म्हणाली. तिघांची कामं आली तर त्यांच्या पाठोपाठ आणखी येतील, दुकान राहील. नाही आली तर मंगळवारी बिलिंग्ज. हे तिला कळत होतं, आर्लनला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या गावाला कळत होतं.

शनिवारी सकाळी हवा शांत होती. वाऱ्याच्या झेंड्या माना टाकून उभ्या. क्लबच्या शेडखाली बाकं ओळीत, सिग्नीच्या शेजारच्या बाकावर व्हर्लिन. मागे प्रेक्षक, राजम्या-खिम्याच्या चिलीचं पातेलं, दालचिनीचे रोल. ट्रेंटही आला होता, गिऱ्हाइकांना कॉफी पाजत होता.

पहिल्या टार्गेटवर सिग्नीनं दहा गोळ्या घातल्या, एकीनंतर एक, घाई न करता. टार्गेटाचा कागद खालून आला तेव्हा गोळीबाराची लाइन सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ओडेलनं तो उजेडात धरला आणि शीळ घातली. दहाही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली गेली असती. दीड हजारांची ॲक्शन वापरणाऱ्यांत त्याहून सरस फक्त एकाचं होतं. व्हर्लिनचंही टार्गेट वाईट नव्हतं. वनीटानं कागद पाहिला, मग ट्रेंटकडे पाहिलं, आणि दालचिनीचा रोल तोडून तोंडात टाकला. सिग्नीचं काळीज असं भरून आलं की तिला कुणाकडे बघवेना. उन्हाळाभराचे दुखणारे खांदे त्या क्षणी हलके झाले.

दुसऱ्या टार्गेटासाठी माणसं खाली गेली की आमच्याकडे रीत आहे, प्रत्येकानं आपल्या रायफलीतून बोल्ट बाहेर काढून बाकावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. खाली माणूस आहे तोवर बोल्ट बाहेर. सिग्नी आणि व्हर्लिन दोघंही बोल्ट ठेवून टार्गेट लावायला गेली. तेवढ्यात पश्चिमेकडून एक काळा ढग आला आणि गारा सुरू झाल्या. तिरक्या, शेडच्या आतपर्यंत. आर्लन धावला. रायफलींवर ताडपत्री टाकली आणि त्या दोघांच्या बाकांवरचे दोन्ही बोल्ट उचलून आपल्या कोटाच्या खिशात घातले, भिजू नयेत म्हणून. बायकोच्या कामाची एवढी काळजी घेणारा नवरा आमच्या गावात दुसरा नाही. गारा थांबल्यावर त्यानं बोल्ट रुमालानं पुसले, एक इकडे ठेवला, एक तिकडे.

माणसं परत आली. ओडेलनं हुकूम दिला, "बोल्ट आत!" वेळ सुरू झाला.

सिग्नीनं काडतूस घातलं, बोल्ट पुढे ढकलला, मूठ खाली केली. आणि थांबली. मूठ खाली येताना अगदी शेवटी हाताला जो हलका दाब लागतो, तो लागला नाही. मूठ पडली, लोण्यात पडावी तशी. तिनं बोल्ट परत उघडला, परत बंद केला. तसंच. काडतुसाच्या मागे जागा राहत होती. शेजारी व्हर्लिन कुथत होता. त्याच्या रायफलीची मूठ खालीच येईना आणि तो तळहाताचा जोर लावत होता.

तिला कळलं. या दोन रायफलींचे बोल्ट एकमेकींत गेले होते.

कुणी म्हणेल, एवढ्याशा फरकानं काय होतं? दहातल्या नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी काडतूस मागच्या बाजूनं फाटतं आणि तापलेला वायू थेट तोंडावर येतो. ती वरच्या दोघांत होती. दहा गोळ्या, आणि दुकान तिचं. नाहीतर दुसरी युक्ती होती. हात वर करून "माझा बोल्ट अडकला" म्हणायचं, गुपचूप बाजूला व्हायचं, व्हर्लिनला डोळ्यानं खुणावायचं. कुणाला काही कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण व्हर्लिननं दुसरा तळहात लावला तेव्हा तो विचार गेला.

"बंद करा!" ती ओरडली. "लाइन बंद करा! व्हर्लिन, हात काढ! काढ म्हणते ना!"

सगळी लाइन थिजली. ओडेल लंगडत आला. "काय झालं, पोरी?"

सिग्नी उभी राहिली. मागे सगळे होते. वनीटा, बाकीची दोघं, कॉफीचा कप हातात धरून ट्रेंट.

"आमच्या दोघांचे बोल्ट बदलले गेलेत," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या या रायफलींचा बोल्ट जिचा तिलाच बसतो. दुसरीत घातला तर धोका आहे. आणि दोन्हींवर नंबर नाही. तो मी घातला नाही."

आर्लनचा चेहरा पांढराफटक पडला. "सिग्नी, माझ्या खिशात... अगं, मीच ठेवले दोन्ही..."

"तू गप्प बस," ती म्हणाली, पण आवाज मऊ होता. "तू पाण्यापासून वाचवलेस. बोल्ट ओळखता येतील असे करणं माझं काम होतं. तीस वर्षं एकासारख्या एक ॲक्शन हाताळल्या, बोल्ट कुठलाही कुठेही चालायचा. हाताला ती सवय. वर माझा गर्व. सिद्ध झाल्याशिवाय चरा उठणार नाही म्हणे!"

ट्रेंटला राहवलं नाही. "माझ्याकडचा बोल्ट कुठल्याही बहिणीला चालतो बुवा," तो मागून म्हणाला. दोघंतिघं हसले. त्याचं खरं होतं, हे सिग्नीलाही कळत होतं.

क्लबचा नियम सरळ आहे. ज्याची रायफल धोक्याची ठरली ती त्या दिवसापुरती बाद, मग दोष तिथल्या तिथे निघणारा का असेना. ओडेलनं दोघांच्या टार्गेटांवरच्या नावांवर लाल रेघ मारली. मारताना म्हातारा पुटपुटला, "अँसेल असता तर त्यानंही लाइन बंद केली असती." सिग्नीनं मान हलवली आणि रायफल खोळीत घातली. व्हर्लिननं तिचा हात धरला आणि म्हणाला, "माझे पैसे परत द्यायचं डोक्यात असेल तर काढून टाक."

घरी जाताना पिकअपमध्ये आर्लन रडला. एवढा मोठा माणूस, स्टिअरिंग धरून मुसमुसत होता. "तुझं सगळं मी घालवलं."

"समोर बघ, हरणं येतात रस्त्यात," सिग्नी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. तिलाही रडायचं होतं. रागच इतका आला होता, स्वतःचा, की रडू वर येईना.

सोमवारी सुट्टी. सगळं गाव नदीवर, आणि ही गॅरेजात. दोन्ही रायफली तिनं फडक्यावर मांडल्या होत्या आणि अंकांच्या ठोकळ्यांची पेटी उघडली होती. आधी व्हर्लिनची घेतली. ॲक्शनच्या पोटाखाली एक अंक, तोच बोल्टावर. दुकान राहो न राहो, धोका तसाच सोडून ती जाणार नव्हती. बिलिंग्जला गेली असती तरी आधी हे केलं असतं.

दारात वनीटा उभी राहिली. आर्लन आडवा आला, "थांब, कॉफी..."

"हो बाजूला," वनीटा म्हणाली, "मी स्वयंपाकघर चालवते, मला कॉफीचं नको शिकवू." आत येऊन तिनं काखेतली वस्तू टेबलावर ठेवली. गोणपाटात गुंडाळलेली जुनी रायफल, गंजलेली, तिच्या आईची. "ही कर."

सिग्नीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "ट्रेंटकडे जा. काल ऐकलंस ना काय बोलला ते? खरं बोलला तो."

"काल नाही, परवा. आणि ऐकलं. शेडमध्ये तुझं टार्गेट अजून लटकतंय, लाल रेघेसकट, तेही पाहिलं. लोक त्यावर बशी ठेवून बघतायत." वनीटानं स्टूल ओढलं. "माझ्या शाळेत एवढाली पातेली आहेत, प्रत्येकाचं झाकण वेगळं. दुसऱ्याचं बसवलं तर वाफ हातावर येते, पोळलेय मी एकदा. म्हणून मी काय पातेली फेकून दिली? झाकणावर नंबर रंगवला. त्यात एवढी लाज कसली वाटते तुला?"

"लाज नंबरची नाही गं."

"मग?"

सिग्नीनं हातातली हातोडी खाली ठेवली. "व्हर्लिनचा डोळा गेला असता. माझ्या हातानं."

"गेला का?"

"नाही."

"का नाही गेला?"

सिग्नीनं हातोडी परत उचलली.

"तू ओरडलीस म्हणून. तुझं दुकान त्या ओरडण्यात जात होतं, हे मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला एल्कच्या मागे डोंगरात एकटीनं जायचंय, सिग्नी. मला रायफल बनवणारी अशीच हवी." वनीटा उठली. "फक्त एक सांगते. हंसाशिवाय मी घेणार नाही. बिनशिक्क्याचं भांडं माझ्याकडे चालत नाही, कुणाचं कुणाकडे जातं ते कळत नाही. आणि लवकर कर, तुझी बोलणी खायला मला पुढे करून बाकीचे दोघं बाहेर पिकअपमध्येच बसलेत."

आर्लननं खिडकीतून वाकून पाहिलं. बसले होते खरंच, दोघंही, निमूट.

वनीटा गेली. मग सिग्नीनं आपली रायफल पुढे ओढली. पोटाखाली अंक घातला, बोल्टावर तोच घातला, आणि दोन्ही अंक जुळतायत ना ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग खण उघडून म्हाताऱ्या अँसेलचा ठोकळा काढला, नळीच्या मुळाशी धरला. एकच घाव, सरळ. नंतर व्हर्लिनच्या रायफलीवर.

तो आवाज आर्लननं घरातून ऐकला. इतक्या वर्षांत हंसाचा घाव ओळखण्यात तो चुकायचा नाही. त्यानं डोळे पुसले, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि बाहेर पिकअपपाशी जाऊन दोघांना सांगितलं, "या आत, पण तोंड उघडू नका."

मंगळवारी सकाळी बिलिंग्जला फोन त्यानंच केला. गोदामाच्या बाईंनी विचारलं, "मिसेस टॉफ्ट स्वतः बोलतील का?"

"नाही हो," आर्लन म्हणाला, "ती कामात आहे."